किल्लीवरचा दिवा

१४ सप्टेंबर, शनिवार

शरण्याचं म्हणणं, बोलायला कोणी नाही तर लिही. हैदराबादेत बसून आईला असले उपाय सांगायला लेकीचं काय जातं. पण घरात मराठी बोलायला कोणी उरलं नाही हे खरं. दार उघडलं की तमिळ, दार लावलं की मराठी, असा आम्हा दोघांचा संसार झाला. आता दार लावलं की काहीच नाही. मुलांना हिंदीच्या परीक्षांसाठी शिकवत आले म्हणून नागरी अक्षर तरी हाताशी आहे.

तर लिहिते. हे गेले त्याला वर्ष होत आलं. सकाळी कॉफी घेऊन उठवायला गेले तर उठले नाहीत. मी रडले नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. जीभ भाजल्यावर कशालाच चव लागत नाही, तसं आहे. जेवते, झोपते, शिकवण्या घेते. लोक म्हणतात राजेश्वरी मामी धीराची. धीर कसला डोंबलाचा. काही वाटतच नाही.

शरण्याने ठराव केला आहे. वर्षश्राद्धाला ती येईल, तोवर मी गाडी धड चालवायला लागले असेन तर इथे राहायचं. नाहीतर घराला कुलूप, गाडी दिराच्या मुलाला, सूर्याला, आणि मी हैदराबादला. मी होव म्हटलं. मला कुठेही सारखंच. अडचण अक्काची आहे. अक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण अलमेलु, सुंदरपेरुमाळ कोयिलला एकटी राहते. साखरेने तिच्या पायाची जखम भरत नाही. दर शुक्रवारी तिला इथे, कुंभकोणमला आणून पट्टी बदलावी लागते. बसची पायरी तिला चढवत नाही, ऑटोत पाय दुमडत नाही. वर्षभर शेजारचे शंकरनारायण आमचीच गाडी चालवून तिला आणतात-सोडतात. भले गृहस्थ, पण त्यांनी तरी किती दिवस करावं? मी गेले तर अक्काचं काय, असं विचारलं की शरण्या मोठ्याने बोलायला लागते.

१७ सप्टेंबर, मंगळवार

गाडी पुसली. जुनी गाडी, शरण्या शाळेत होती तेव्हाची. ह्यांनी कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये जन्म काढला, त्यामुळे गाडीचं बॉनेट बंद कमी आणि उघडं जास्त. पण गेल्या वर्षी एकाएकी मला गाडी शिकवायचं डोक्यात घेतलं. म्हणे गुडघा दुखतो, क्लच दाबवत नाही. साठी उलटलेल्या बाईला रोज सकाळी चोळपुरमच्या रस्त्याला नेऊन गिअर टाकायला लावायचे. मी चिडायचे. स्वतःला आळस आला की बायकोला कामाला लावायचं, दुसरं काय. परीक्षासुद्धा द्यायला लावली. लायसन्सचं कार्ड टपालाने आलं ते तेराव्यानंतर. मी ते देवाजवळ ठेवलं, कारण दुसरीकडे कुठे ठेवायचं सुचलं नाही.

आणि ते दिवे. शेवटच्या दोन महिन्यांत ह्यांनी डॅशबोर्डच्या मागे लागून सगळं बिघडवून ठेवलं. आधी मीटरच्या मागे साधा हिरवट उजेड होता. संध्याकाळी बाहेरचे दिवे लावले की तोही लागायचा. बरं चाललं होतं. तर तो काढून पिवळे एलईडी बसवले. बरं, बसवा. पण वायर अशी जोडली की किल्ली फिरवली की दिवे चालू. भर दुपारी, डोक्यावर ऊन, आणि मीटर आपलं उजळून बसलेलं. विचारलं तर नुसते हसायचे.

आमच्याकडे दिवेलागणीला दिवा लागला की हात जोडायचे, मग समई असो नाहीतर ट्यूबलाइट. सासूबाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं, ते अंगात मुरलं. गाडीतला हिरवा दिवा लागला तरी माझे हात जुळायचेच. एकदा अक्काकडून येताना मांडीवर रसमचं भांडं होतं. ह्यांनी दिवे लावले, मी हात जोडले, आणि रसम सगळं साडीवर. हे रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून हसत राहिले. म्हणाले, गाडीचा दिवा आहे तो, देवाचा नव्हे. मी म्हटलं, दिवा तो दिवा.

२० सप्टेंबर, शुक्रवार

शंकरनारायण बाजूला बसले, मी चालवली. सकाळी गेलो, अक्काला आणलं, पट्टी केली, दुपारच्या आत तिला परत सोडलं. स्वामीमलैच्या वळणावर गाडी एकदा बंद पडली, मागच्या लॉरीवाल्याने माझा उद्धार केला. बाकी ठीक. शंकरनारायण म्हणाले, मामी, आता मी नसलो तरी चालेल. आनंद व्हायला हवा होता.

एसीचे खटके मात्र काळोखात आहेत. मीटर पिवळं लखलखीत, आणि त्याखाली पंख्याचा खटका, गार-गरमचा दांडा, सगळं आंधळं. हात फिरवून शोधावं लागतं. ह्यांचं तेवढं राहिलं. पुढच्या खणात लहान बल्बांची पुडी आहे, तशीच, रबर लावलेली. मी ती उघडली आणि परत रबर लावून ठेवली.

२३ सप्टेंबर, सोमवार

स्वामीनाथकडे गेले. बसस्टँडमागे त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे, ह्यांची तिथे बैठक असायची. म्हटलं, ही पुडी घे आणि एसीच्या खटक्यांमागे बसव. त्याने बल्ब हातात घेऊन पाहिले. मग सांगायला लागला, सारांनी, म्हणजे ह्यांनी, आधी निळे लावून पाहिले, मग पांढरे. मामींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, निळा टोचतो म्हणाले, म्हणून पिवळे. आणि प्रत्येक वेळी सीट पुढे ओढून, मान खाली घालून, कुबड काढल्यासारखे बसून बघायचे म्हणे. आता ह्यांची उंची एवढी ताडमाड, आणि बसायचं कुबड काढून. त्या दोन महिन्यांत ह्यांच्या डोक्यात काय भरलं होतं कोण जाणे. मी बाजूला बसणारी. माझ्या डोळ्यांचा आणि मीटरचा काय संबंध?

तसेच तेव्हा तीनदा तंजावूरला धाकट्या भावाकडे, हृदयाचे डॉक्टर आहेत त्या विजयराघवांकडे गेले, एकटेच. मी येते म्हटलं तर नको म्हणाले, उन्हाची कशाला. ऐप्पसी महिन्याच्या पावसात ऊन कुठून आलं.

स्वामीनाथला दुसरं काम सांगितलं. हे किल्लीवरचं खूळ काढ आणि दिवे पहिल्यासारखे बाहेरच्या दिव्यांच्या खटक्यावर घे. तो म्हणाला, सारांनी मुद्दाम करून घेतलंय, चालवणाऱ्यासाठी तेच बरं म्हणाले होते. मी म्हटलं, चालवणारे गेले, आता मी चालवते, माझं ऐक. त्याने पुन्हा एकदा विचारलं. मी आवाज चढवला. मग त्याने केलं.

खटके आता छान दिसतात, पंख्याचं लहानसं चित्रसुद्धा. घरी येऊन चिंचेचं कोळंबू केलं, मीठ घालायला विसरले, तसंच खाल्लं.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

पहिल्यांदा एकटी गेले. अक्का दारात खुर्ची टाकून बसली होती, रस्त्याकडे डोळे लावून. मला एकटीला पाहून म्हणाली, हरि असता तर. मी म्हटलं, असते तर तेच आले असते, मी कशाला. तिने पदराने डोळे पुसले. तिला रडू येतं हे बरं आहे.

येताना त्या एका संध्याकाळची आठवण झाली. ऐप्पसीतच, गाडीच्या शिकवणीला उशीर झाला होता, अंधारून आलं होतं. मी चांगली चालवत होते. ह्यांनी बाजूने हात लांबवून दिवे लावले, आणि पुढच्याच क्षणाला ओरडून स्टिअरिंग धरलं, गाडी खेचून मध्यावर आणली. मी इतकी रागावले. एवढा विश्वास नाही तर शिकवता कशाला म्हटलं. दोन दिवस बोलले नाही. ह्यांनी समजूत काढली नाही, भांडलेही नाहीत. उलट गाडी घेऊन स्वामीनाथकडे जाऊन बसले. माणूस घरात अबोला असताना गाडी सजवत बसतो, काय म्हणावं.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज अक्षर वेडंवाकडं येईल.

डॉक्टर आज उशिरा आले. पट्टी होऊन अक्काला घरी सोडेपर्यंत सांज झाली. ती म्हणाली राहा. मी राहिले नाही. एकटीच परत निघाले. कुरुवै पिकाची कापणी चालू आहे, अर्ध्या रस्त्यावर भात वाळत घातलेलं, कडेला दगड लावलेले. हळूच चालवत होते. अंधारायला लागलं म्हणून दिवे लावले. आणि गाडी भातात.

कसं झालं ते मला सांगता येत नाही. दिवे लावले एवढं आठवतं. मग भाताची रास काचेवर उडाली आणि समोर केरसुणी घेतलेली बाई. ब्रेक कुणी दाबला? मीच दाबला असणार. गाडी थांबली तेव्हा त्या बाईचा हात माझ्या बॉनेटवर होता. तिला लागलं नाही. देवा, लागलं नाही. ती ओरडलीसुद्धा नाही. केरसुणी तशीच धरून उभी राहिली, आणि मी आत, आणि मध्ये ते पिवळं मीटर.

लोक जमले. रागावले, मग माझं वय पाहून निवळले. त्या बाईने मला पाणी आणून दिलं. मी उतरून तिच्याबरोबर भात गोळा करायला लागले, तर म्हणाली, जा अम्मा, घरी जा. शंकरनारायण बस धरून आले आणि त्यांनीच गाडी घरी आणली. मी बाजूच्या सीटवर बसून आले.

५ ऑक्टोबर, शनिवार

शरण्याला कळलं. कुणी सांगितलं विचारण्यात अर्थ नाही, कुंभकोणम आहे. फोनवर आधी ओरडली, मग रडली. म्हणाली, "अम्मा, ती बाई मेली असती तर?" मी म्हटलं, सूर्याला सांग, श्राद्धानंतर गाडी घेऊन जा.

अक्कालाही फोन केला. ती म्हणाली, बरं. तेवढंच. ती कधी काही मागत नाही, हीच तिची खोड आहे.

पुढच्या दाराला थोडा पोचा आला आहे. काचेच्या खाली फटीत भाताचे दाणे अडकलेत.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

आज आयुधपूजा. गल्लीतल्या सगळ्या गाड्यांना गंध, माळा, चाकाखाली लिंबू. आमच्याकडे वर्षाच्या आत काही नाही. अक्काच्या पट्टीला शंकरनारायण सकाळीच जाऊन आले, त्यांच्या पूजेचा खोळंबा करून.

संध्याकाळी झाकलेल्या गाडीचं कापड काढलं. पूजा नाही, पण निदान दाणे काढावेत म्हणून आत बसले. दाणे वेचले. दिसेना म्हणून दिव्यांचा खटका फिरवला.

मीटर उजळलं, एसीचे खटके उजळले. आणि माझे दोन्ही हात उठून छातीपाशी जुळले.

मी त्या हातांकडे बघत बसले. गाडी बंद, शेडमध्ये उभी, म्हणून काही झालं नाही. दिवा विझवला. पुन्हा लावला. पुन्हा हात उठले. मनात नसतानाही. चाळीस वर्षांहून जुनी सवय, तिला मी गाडीत आहे की देवघरात, काय ठाऊक.

मग सगळं एकदम कळलं. त्या संध्याकाळी ह्यांनी दिवे लावले, मी स्टिअरिंग सोडून नमस्कार केला, ह्यांनी गाडी सावरली. मला कळलंही नाही मी काय केलं ते. ह्यांना कळलं. सांगितलं असतं तर मी मानलं असतं? भांडले असते. म्हटलं असतं, मी काय वेडी आहे चालत्या गाडीत हात सोडायला? माझी सवय मोडायला ह्यांना सांगता आलं असतं, तेही नाही सांगितलं. दिवाच हलवला. किल्ली फिरवली की दिवा. गाडी जागेवर उभी, पाय ब्रेकवर. तिथे हात जोडून घ्यायचे, मग निघायचं. नंतर सांज होवो, रात्र होवो, आत नवा दिवा लागणारच नाही आणि हात सुटणारच नाहीत.

आणि मी आवाज चढवून ते काढून टाकलं.

मला राग आला, ह्यांचा. एवढं केलंत तर तोंडाने बोलायला काय झालं होतं? गाडीतच मोठ्याने म्हटलं, मराठीत. घरात इतक्या दिवसांत एवढ्या मोठ्याने कोणी बोललं नव्हतं. मग रडू आलं. खूप आलं. गल्लीत पूजेचे हॉर्न वाजत होते, कोणाला ऐकू गेलं नसेल. गेलं असेल तर जाऊ दे.

१४ ऑक्टोबर, सोमवार

स्वामीनाथकडे गेले. म्हटलं, सारांनी केलं होतं तसं परत कर. जुनी वायर त्याने कापली नव्हती, नुसती टेप लावून मागे ठेवली होती. म्हणाला, वाटलंच होतं मामी परत येतील. मी म्हटलं, जास्त शहाणपणा नको. पण कॉफी घेतली त्याच्याकडची.

भात वाळवणाऱ्या त्या बाईकडेही जाऊन आले, बसने. तिचं नाव लावण्या. तिला झालं ते सगळं खरं सांगितलं, नमस्काराचंसुद्धा. ती आधी हसली, मग म्हणाली, दिव्याला हात जोडलेस म्हणूनच मी वाचले असेन. तिची मात्र वेगळीच गणितं. मला ते पटत नाही, पण बरं वाटलं.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

शंकरनारायण मागच्या सीटवर, मी पुढे. मुद्दाम संध्याकाळी नेली. पाऊस होता. हात सुटले नाहीत. अक्काने विचारलं, कायला गे भिजत आलीस. म्हटलं, अभ्यास आहे माझा.

आज रसमला चव होती.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

श्राद्ध पार पडलं. शरण्या परवा जाईल. सूर्या आज गाडी बघायला येणार होता, मी म्हटलं आधी शरण्या माझ्याबरोबर अक्काकडे येऊ दे, मग काय ते ठरवा.

दुपारी निघालो. शरण्या बाजूला, पट्टा घट्ट बांधून, तोंड असं की जणू मी तिला विमानातून उडी मारायला नेते आहे. मी किल्ली फिरवली. मीटर उजळलं. पाय ब्रेकवर ठेवून मी हात जोडले.

"अम्मा, भर दिवसा आतले दिवे कशाला?"

"तुझ्या अप्पांनी लावून ठेवलेत. वाटेत माझे हात सुटू नयेत म्हणून."

मग सगळं सांगितलं, गिअर टाकत टाकत. रसमचं सांगितलं, ओढलेल्या स्टिअरिंगचं सांगितलं, अप्पा माझ्या उंचीला येऊन, सीट पुढे ओढून कुबड काढून बसायचे ते सांगितलं, माझ्या डोळ्यांना चालेल असा पिवळा शोधला ते सांगितलं. ती आधी हसत होती. मग विचारलं, हे त्यांनी नक्की केव्हा केलं? मी म्हटलं, तंजावूरला काकाकडे फेऱ्या मारायचे ना, तेव्हाच. तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. स्वामीमलै येईपर्यंत तिचे खांदे हलत होते. मी रुमाल दिला, एका हाताने. का रडतेस विचारलं तर मान हलवली. रडायची पाळी माझी, आणि रडते ही.

अक्काकडून निघताना सांज झाली. कार्तिगै महिना, दारोदार पणत्या लागलेल्या. मी बाहेरचे दिवे लावले. आत काही बदललं नाही, मीटर होतं तसंच पिवळं, खटके होते तसेच. पणत्यांना मनात नमस्कार केला. हात स्टिअरिंगवर राहिले. शरण्याने मात्र दोन्ही हात जोडले, माझ्या वाटणीचे. लावण्याच्या घरावरून गेलो तेव्हा हॉर्न वाजवला.

घरी आल्यावर शरण्या म्हणाली, सूर्याला मी फोन करते, गाडी द्यायची नाही. मग माझ्या गळ्यात पडून पुन्हा रडली. म्हणाली, अप्पांना सगळं ठाऊक होतं गं. मी म्हटलं, होव, हातांचं ठाऊक होतं त्यांना.

आता ती झोपली आहे. मी एकच विचार करते आहे. गुडघा बरा झाला की गाडी पुन्हा हेच चालवणार होते. मग माझ्यासाठी एवढी घाई कशाला केली, ते विचारायचं राहून गेलं.